मधला थर

“काकू, तुम्हीच सांगा, मध्ये कुणीतरी असायला हवं की नको?” केतकीने मला विचारलं.

“काकूंना कशाला ओढतेस यात?” निनाद म्हणाला. “एमव्हीसी घ्यायचं की एमव्हीव्हीएम, हे त्या सांगणार आहेत का? त्या आपल्या सुखाने बिस्किट खातायत.”

मी खरोखरच बिस्किट खात होते. समोर टीपॉयवर दोन लॅपटॉप, दोन गार झालेले चहा, आणि लॅपटॉपमागे दोन रागावलेले चेहरे. सांगलीच्या आमच्या घराची ही पुढची खोली म्हणजेच माझं ‘शुभयोग वधू-वर सूचक केंद्र’. आता केंद्र बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण ते दोन चेहरे अजून जसेच्या तसे आठवतात. कारण ती दोघं भांडायला आलेले दोन इंजिनियर नव्हते. महिन्याभराने त्यांचं लग्न होतं, आणि ते मी जमवलं होतं.

निनाद जोगळेकर आणि केतकी बापट, दोघंही पुण्याला वेगवेगळ्या कंपन्यांत, पण काम एकच. मोबाइलच्या ॲपमध्ये आपण ज्याला बोट लावतो ती बटणं, ते पडदे, त्यांच्या मागची सगळी जुळणी, हे करणारी मुलं. दोन्ही घरी मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, “क्षेत्र एकच आहे. घरी बोलायला विषय शोधावा लागणार नाही.”

ते अगदी खरं ठरलं. विषय शोधावा लागला नाही.

झालं असं, की साखरपुड्याच्या दिवशी दोघांनी कौतुकाने जाहीर केलं, “काकू, तुम्ही आमचं जमवलंत, आता आम्ही केंद्राला एक ॲप करून देणार. आमच्याकडून भेट.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून लग्नाच्या खरेदीसाठी दर रविवारी दोघं सांगलीला येत, दुपारी माझ्याकडे बसत आणि भांडत. ॲपचं एक बटणसुद्धा अजून झालेलं नव्हतं.

मला त्यातलं जेवढं कळलं ते असं. बाजारात मुख्य दोन प्रकारचे फोन. एकतर प्रत्येकासाठी वेगळं ॲप लिहा, नाहीतर असं फ्रेमवर्क घ्या, की एकदा लिहिलं की दोन्हीकडे चालतं. निनादला दुसरं हवं होतं, तेही नुकतंच आलेलं, अगदी नवं कोरं. केतकी म्हणायची, नवं म्हणजे दर सहा महिन्यांनी त्याचा स्वभाव बदलणार, आणि आपण त्याची मनधरणी करत बसणार. हे भांडण तसं सोसण्यासारखं होतं. खरं भांडण पॅटर्नचं होतं, एमव्हीसी की एमव्हीव्हीएम ते. म्हणजे ॲपच्या आत कोणी कोणाशी बोलायचं, याची रीत.

निनादचं म्हणणं, माहिती आणि पडदा एकमेकांना थेट बांधून टाकायचे. इथे काही बदललं की त्याच क्षणी तिथे दिसलं पाहिजे. केतकीचं म्हणणं, मध्ये एक थर हवा, त्याला ती मुलं कंट्रोलर म्हणत. बोट काय म्हणालं ते आधी त्या थराकडे जाईल. मग कुणाला काय दाखवायचं, कधी दाखवायचं, ते तो ठरवेल.

“म्हणजे मध्यस्थ,” मी म्हणाले.

“अगदी बरोबर,” केतकी म्हणाली.

“काकू, मध्यस्थ असायला हरकत नाही,” निनाद म्हणाला. “पण हळूहळू सगळं त्याच्याच अंगावर पडतं. मग तो इतका फुगतो, की त्याच्या पोटात काय आहे ते कुणालाच कळत नाही.”

“हे पटलं मला,” आतून आमचे हे म्हणाले.

तेवढ्यात निनादचा फोन वाजला. त्याच्या आईचा होता. तो व्हरांड्यात गेला. त्याची आई उज्ज्वलाताई दिवसातून बऱ्याचदा फोन करत, आणि तो दर वेळी उठून जाऊन मन लावून बोले. मला त्याचं कौतुकच वाटायचं.

तो बाहेर गेल्याबरोबर केतकीने लॅपटॉप मिटला.

“काकू, हे लग्न थांबवावं असं मला वाटतंय.”

मी हातातलं बिस्किट बशीत ठेवलं. “फ्रेमवर्कवरून?”

“पॅटर्नवरून.”

“अगं, पण ती काय घरात लावायची वस्तू आहे?”

“ज्यात मधला थरच नाही, त्यात मी राहणार नाही, काकू. मला नाही जमणार.” तिचा आवाज चढला नाही, हेच मला बरं वाटलं नाही. “तुम्ही दोन्ही घरी सांगा. माझ्याच्याने आईला सांगवणार नाही. तुमचं कामच आहे ना ते?”

होतं खरं. पण आमच्या धंद्यात नकार गरम गरम वाढायचा नसतो. मुलीच्या आईला मुलाचे कान मोठे वाटले, किंवा मुलाच्या वडिलांना मुलीचे काका वकील आहेत हे खटकलं, तरी पुढच्या घरी मी एकच वाक्य पोचवत आले होते, ‘पत्रिका जमत नाही.’ ऐकणाऱ्याला ते खरं नाही हे ठाऊक असतं, सांगणाऱ्यालाही असतं. दोघंही ग्रहांना दोष देतात आणि पुढच्या लग्नात एकमेकांच्या पंगतीत जेवतात. या दोघांच्या बाबतीत मात्र मीच एकतीस गुण जुळल्याचं पेढे वाटून सांगितलेलं. ग्रहांवर ढकलायची सोय राहिली नव्हती. शिवाय आमच्या केंद्रात साखरपुडा होऊन मोडलेलं असं एकही लग्न नव्हतं.

“पुढच्या रविवारपर्यंत थांब,” मी म्हणाले. “तोवर एक कर. तू तुझ्या रीतीने छोटं ॲप कर, त्याला त्याच्या रीतीने करू दे. दोघांच्या आयांना बोलावते. त्या वापरून बघतील. ज्याचं पसंत पडेल ते ठेवू.”

“आणि मी तुमच्याकडे दिलेलं ते नकाराचं?”

“ते माझ्याकडे आहे,” मी म्हणाले.

रात्री जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, “तू गोत्र पाहिलंस, नाडी पाहिलीस, फ्रेमवर्क पाहायचं राहून गेलं.”

पुढच्या रविवारी मी चक्क पोहे केले. दोन ॲप पाहायचा कार्यक्रम, तर पोहे हवेतच. उज्ज्वलाताई आणि केतकीची आई रोहिणीताई दिवाणावर शेजारी शेजारी बसल्या. अजून त्यांचं एकमेकींना ‘विहीणबाई, तुम्ही आधी घ्या’ चाललेलं. प्रत्येकीच्या हातात एकेक फोन दिला. एक या जातीचा, एक त्या.

आता पडद्यावर माणसं कोणाची दाखवायची, हा प्रश्न होता. खऱ्या स्थळांची माहिती चाचणीत घालायची नाही, यावर केतकी ठाम होती, आणि ते योग्यच होतं. निनादने आधी ‘मुलगी अ’ आणि ‘मुलगा ब’ घातले होते. पण उज्ज्वलाताई म्हणाल्या, “असल्या नावाच्या मुलीला मी कशी पाहू? काहीतरी चेहरा तर हवा.” म्हणून मग दोघांनी आपापलेच फोटो आणि माहिती घातली. लग्न ठरलेलंच होतं, कोणाला काय फरक पडणार होता?

आधी निनादचं ॲप. दिसायला देखणं, हे मान्य करायला हवं. दोन्ही फोनवर हुबेहूब एकसारखं. केतकीचा निळ्या साडीतला फोटो बोटाखाली असा सरकायचा, की जणू ती स्वतःच लाजून बाजूला होतेय. खाली दोन बटणं. हिरवं ‘पसंत’, तांबडं ‘नापसंत’.

“काहीही दाबून बघ, आई,” निनाद म्हणाला. “घाबरू नकोस. खोटंखोटंच आहे.”

उज्ज्वलाताईंनी चष्मा डोक्यावरच ठेवला होता. त्या म्हणाल्या, “हिरवं काय, कुणीही दाबेल. तांबडं दाबून काय होतं ते बघते,” आणि दाबलं. खाली आणखी काही अक्षरं आली, त्यांवरही त्यांनी बोट ठेवलं.

रोहिणीताईंच्या हातातल्या फोनमधून सनईचा एक तुकडा वाजला. मग पडद्यावर आलं, आणि त्यांनी ते मोठ्याने वाचलं, “क्षमस्व. जोगळेकर कुटुंबाने चि. सौ. कां. केतकी हिला नापसंत केले आहे. कारण, स्वभाव.”

“पाहिलंत?” निनाद म्हणाला. “अर्धा सेकंदसुद्धा लागला नाही.”

खोलीत पोह्यांवरचं खोबरं चावल्याचा आवाज येत होता. तो ह्यांचा.

“स्वभाव?” रोहिणीताई म्हणाल्या.

“अहो, मी काही लिहिलं नाही. ते आपोआप आलं.”

“आपोआप तर शिक्षणही आलं असतं. उंची आली असती. स्वभावच बरा आला.”

“आई, त्यात चार कारणं दिली आहेत,” निनाद होणाऱ्या सासूबाईंना समजावू लागला, “शिक्षण, उंची, स्वभाव, इतर. त्यातल्या एकावर बोट पडलं असेल.”

“पडलं ना? मग झालं,” रोहिणीताई म्हणाल्या. त्यांनी शांतपणे पर्समधून चष्मा काढला, लावला, पडद्यावर निनादचा फोटो आणला आणि नेमकं तांबडं बटण दाबलं. उज्ज्वलाताईंच्या फोनमध्ये सनई वाजली.

“बापट कुटुंबाने चि. निनाद याला नापसंत केले आहे,” उज्ज्वलाताईंनी फोन लांब धरून वाचलं. “कारण, इतर. इतर म्हणजे काय?”

“ते मी पोहे खाताना सांगत नाही.”

तेवढ्यात रोहिणीताईंच्या स्वतःच्या फोनची रिंग झाली. ठाण्याच्या नणंदेचा फोन होता. चाचणी खरी वाटावी म्हणून निनादने ‘कुटुंबीय’ या सदरात दोन्हीकडच्या नातेवाइकांना घालून ठेवलं होतं आणि सगळे निरोप त्यांनाही जात होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. नणंदेचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

“रोहिणी, दोन्हीकडून नापसंत म्हणे. मग लग्नाचा हॉल रद्द करू का? त्या गुरवांकडची मंडळी आपल्या तारखेवर टपून बसलीयेत.”

“मी करते फोन, वन्सं. थांबा जरा,” रोहिणीताई म्हणाल्या. हॉल राहू द्या, असं मात्र म्हणाल्या नाहीत. केतकीने माझ्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे ठेवलेलं जणू तिच्या आईनेच बाहेर काढलं होतं.

“आता दुसरं बघू या,” मी घाईने म्हणाले.

केतकीचं ॲप साधं होतं. एकच पडदा पुरा झाला होता, कारण तिचा सगळा आठवडा मधला थर लिहिण्यात गेला होता. पण त्यात एक खुबी होती. कोणीही काहीही दाबलं, तरी ते आधी माझ्या फोनवर येणार, आणि मी सांगेन तेव्हाच पुढे जाणार.

झालं ते विकोपाला जाऊ नये म्हणून उज्ज्वलाताईंनी या वेळी चष्मा लावून ‘पसंत’ दाबलं. समोर काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. तिकडे रोहिणीताईंनाही बहुधा वाईट वाटलं असावं, त्यांनीही हळूच दाबलं. इकडे माझा फोन थरथरू लागला. “जोगळेकर कुटुंबाचा प्रतिसाद आला आहे. आत्ता कळवू, नंतर कळवू, की तुम्ही बोलाल?” मी ते वाचेपर्यंत दुसरं आलं, त्यावर तिसरं. बोट कुठे लागलं कोण जाणे, सगळे ‘नंतर’मध्ये जाऊन बसले, आणि ते ‘नंतर’ कुठे आहे ते मला सापडेना.

“मी मघापासून पसंत म्हणतेय,” उज्ज्वलाताई म्हणाल्या, “आणि यांच्याकडे काही दिसतच नाही.”

“दिसत नाही म्हणजे दाबलं नसेल.”

“दाबलंय हो.”

“मघाशी दाबलंत ते बरं लगेच दिसलं.”

त्यानंतर दिवाणावर दोघींच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा झाली. त्या जागेत मी बसले.

“काकू, त्यांना सांगा,” उज्ज्वलाताई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, “एवढं मनाला लावून घ्यायचं, तर ॲप बघायला यायचंच कशाला?”

“रोहिणीताई,” मी म्हणाले, “उज्ज्वलाताई म्हणतात, तुमचं मन फार हळवं आहे.”

“त्यांना सांगा, हळवं आहे, पण मी बघून बटण दाबते.”

“उज्ज्वलाताई, त्या म्हणतात, तुमच्या चष्म्याचा नंबर वाढला असेल.”

“असं नाही म्हणाल्या त्या. मी इथेच बसलेय.”

जेवणाच्या टेबलाशी दोन्ही मुलं लॅपटॉप घेऊन उभी होती. निनाद हळूच म्हणाला, “कंट्रोलर फुगला.” आणि केतकी हसली. महिन्यात पहिल्यांदा हसली. मग हसू आवरून खाली बसली. मी चहा ठेवायच्या निमित्ताने उठले. स्वयंपाकघराचं दार टेबलाला लागूनच होतं.

“निनाद, मी तुला आईंनी घेतलेल्या शालूचं सांगितलं होतं,” ती म्हणाली. “रंग मला आवडला नाही, एवढंच. तुला सांगितलं होतं. आईंना सांग म्हटलं नव्हतं.”

“आईने विचारलं, काय बोललात? म्हणून सांगितलं.”

“पाच मिनिटांत त्यांचा मला फोन. रडवेला आवाज. मी ऑफिसात, मीटिंगमध्ये. तेच माझ्या पगाराचं, तेच मला डोसे येत नाहीत त्याचं. मी तुझ्याशी बोलते आणि ते आईंच्या पडद्यावर उमटतं. तुमच्या दोघांत मधला थरच नाही, निनाद.”

मी गॅसची ज्योत बारीक केली. महिनाभर मी ज्याला ॲपचं भांडण समजत होते, ते हे होतं.

निनाद म्हणाला, “आणि तुझ्यात किती थर आहेत, माहितेय? शालू आवडला नाही हे तू मला पंधरा दिवसांनी सांगितलंस. तोवर फॉल-पिको होऊन आलं होतं. तुला काय वाटतंय, हे मला कधी वेळेत कळतच नाही. मी बटण दाबतो आणि बघत बसतो.”

“थोडं लवकर कळवत जाईन,” ती म्हणाली.

“मी थोडं थांबवत जाईन.”

कोणी कोणाचा हात वगैरे धरला नाही. निनादने आपला लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला, एवढंच.

“फ्रेमवर्क माझंच राहू दे,” तो म्हणाला. “दोन्ही फोनचं वेगवेगळं लिहायला आपल्याला लग्नाआधी वेळ कुठे आहे? पण त्यात तुझा थर घालतो.”

“तू घालू नकोस. मला घालू दे. कुठे?”

“इथे. नकार इथे अडव. काकू सांगतील तेव्हाच पुढे जाईल.”

“आणि होकार?”

“होकार कशाला अडवायचा?”

“बरोबर. होकार थेट जाऊ दे.”

“नकार मागे घेता आला पाहिजे.”

“अडवलेलाच असेल, तर मागे घ्यायला कितीसं लागतंय? आणि ती स्वभाव-बिभाव कारणं काढून टाक.”

“काढली. काय ठेवू मग?”

“पत्रिका जमत नाही,” मी आतून म्हणाले. दोघांनीही वळून पाहिलं नाही, पण कळफलकावर ते टाइप केल्याचा आवाज मला ऐकू आला.

चहा होईपर्यंत त्यांचं काम झालं. निनादने दोन्ही आयांच्या हातात पुन्हा फोन दिले. “आता एकदाच दाबा. काय दाबायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.”

दोन सनया जवळजवळ एकदमच वाजल्या. दोघींनी आपापल्या पडद्यावर काय आलंय ते वाचलं, पण या वेळी मोठ्याने वाचलं नाही. पाठोपाठ ठाण्याचा फोन. “आता दोन्हीकडून पसंत म्हणतंय. एकदा काय ते ठरवा, तो मॅनेजर माझ्यासमोर उभा आहे.”

“हॉल आपलाच आहे, वन्सं,” रोहिणीताई म्हणाल्या. “त्या गुरवांना दुसरी तारीख बघायला सांगा.”

केतकी कप न्यायला स्वयंपाकघरात आली. ट्रे उचलता उचलता हळू आवाजात म्हणाली, “काकू, मी ते तुमच्याकडे दिलं होतं. तुम्ही कुणाला पुढे बोललात का?”

“काय दिलं होतंस?” मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि ट्रे घेऊन बाहेर गेली.

मी मागोमाग गेले. निनाद लॅपटॉपपाशीच होता. केतकी कप देऊन पुन्हा त्याच्या शेजारी जाऊन बसली. उज्ज्वलाताईंनी चहाचा एक घोट घेतला आणि विचारलं, “काय रे, इतका वेळ काय बोलत होतात दोघं?”

निनादने तोंड उघडलं. मग मिटलं. त्याला किती जड गेलं ते त्याच्या मानेवरून दिसत होतं.

“काही नाही गं आई,” तो म्हणाला. “कामाचं.”

उज्ज्वलाताई थांबल्या. पुढचं येईल म्हणून वाट पाहत राहिल्या. तो पडद्याकडे वळला होता. केतकी खाली मान घालून काहीतरी टाइप करत होती, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले.

“काकू, तुम्ही तिथेच होतात,” उज्ज्वलाताई म्हणाल्या. “काय चाललं होतं?”

“मला त्यातलं काही कळत नाही हो,” मी म्हणाले.

त्यांनी कप खाली ठेवला. मग दिवाणावर मध्ये राहिलेल्या त्या जागेवर थोड्या सरकल्या. “विहीणबाई, तुम्हाला तरी केतकी काही बोलली का?”

“मला?” रोहिणीताई म्हणाल्या. “ती शाळेत असल्यापासून मला काही सांगत नाही.”

“माझा तर सगळं सांगायचा हो. अगदी कालपर्यंत.”

“सवय होते,” रोहिणीताई म्हणाल्या, आणि त्याही थोड्या सरकल्या. “आधी फार जड जातं. मग आपल्यालाच बरं वाटतं. पोहे घेता अजून?”

दोघींची डोकी जवळ आली आणि आवाज खाली गेला. टेबलापाशी दोन डोकी, दिवाणावर दोन डोकी. मी मधोमध उभी होते, आणि कुणाला काही सांगा असं मला कोणीच म्हणत नव्हतं.

“बस आता,” हे म्हणाले. “चहा गार होतोय तुझा.”

मी बसले.